गच्चीवरचे पाच कोंबडे

रविवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी जोकबेद आपटेकर गच्चीवर उकिडव्या बसून डालग्याखालचे कोंबडे एकेक करून बाहेर काढत होत्या. पाय सुतळीने बांधायचे, पंख अंगाशी दाबायचे आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला पोत्यावर निजवायचे. आदल्या संध्याकाळपासून कोंबड्यांना पाण्याशिवाय काही मिळाले नव्हते. पोट रिकामे असले की साफ करताना घाण होत नाही. पाचव्याने मनगटावर चोच मारली. जोकबेदबाईंनी तळहाताने त्याचे डोळे झाकले, तसा तो गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, नव्याचा सण सुरू होणार होता. बेने इस्राएल लोकांचे हे नवे वर्ष. पनवेलमध्ये आता त्यांची मोजकीच घरे उरली आहेत. त्यांतल्या चार घरांच्या सणाच्या जेवणात आपटेकरांच्या गच्चीवरचे कोंबडे असतात. एक कोंबडा आपटेकरांचा स्वतःचा. वाढवायचे काम जोकबेदबाईंचे, कापायचे त्यांच्या नवऱ्याचे. मांस धर्मनियमाप्रमाणे कापलेले नसेल तर या घरांत ते शिजत नाही आणि या घरांसाठी तसे कापणारा इसाजी आपटेकरांशिवाय दुसरा कोणी नाही.

इसाजी शहात्तर वर्षांचे आहेत. टपाल खात्यात त्यांनी पत्रांची वर्गवारी करण्याचे काम केले आणि कोंबडी कापायला विशीच्या आत वडिलांकडून शिकले. गेल्या वर्षीपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. एप्रिलमध्ये पेसाहच्या सणाला सिनेगॉगच्या ओट्यावर त्यांनी स्वतःच चारही घरांना सांगून टाकले होते, "माझ्या हातून सुरीला एकदा जरी खाच पडली, तरी मी थांबलो म्हणून समजा." तेव्हा सगळ्यांनी विषय बदलला. त्यानंतर पाच महिन्यांत हात सुधारला नव्हता. रविवारी सकाळी गच्चीवर जे ठरायचे होते ते एवढेच: कोंबडे सणाच्या ताटात पोहोचतात की नाही आणि इसाजींचा हात अजून चालतो की नाही.

जुन्या पनवेलमधल्या या चार मजली इमारतीच्या जागी पूर्वी आपटेकरांचे बैठे घर होते. बिल्डरशी करार करताना जोकबेदबाईंनी जास्तीच्या खोलीऐवजी गच्ची मागून घेतली. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढले. आज त्या गच्चीवर अर्धे कापलेले निळे ड्रम आहेत. त्यांत लाल माठ, अळू, मिरची, गवती चहा. काठ्यांच्या मांडवावर दुधी. एका कोपऱ्यात जाळीचे खुराडे. कोंबड्यांची शीट ड्रममध्ये जाते, ड्रममधली किडकी पाने कोंबड्यांना. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रांजलने कोंबड्यांच्या आरवण्याबद्दल सोसायटीत तक्रार केली होती. तेव्हापासून कोंबडे सकाळी साडेसहापर्यंत गोणपाट टाकलेल्या डालग्याखाली, अंधारात असतात आणि रविवारी प्रांजलकडे अंडी जातात. तक्रार परत आलेली नाही.

घरात दोघेच. मुलगी इलाना लग्नानंतर इस्राएलला गेली. दोघांपुरती भाजी वर्षातले आठ-नऊ महिने वरूनच निघते, अंडी बारा महिने. तांदूळ आपट्याहून येतो. पाताळगंगेच्या काठी तिथे इसाजींच्या आजोबांची शेती होती. ती ज्यांनी विकत घेतली, त्यांच्याकडूनच आपटेकर दर दिवाळीनंतर वर्षाचा तांदूळ विकत घेतात. जाडे मीठ तळमजल्यावरच्या शकूच्या ओळखीने उरणकडच्या मिठागरातून येते. या घरात मीठ नुसते चवीला लागत नाही. कापलेली कोंबडी गरम पाण्यात न बुडवता कोरडीच सोलायची, अर्धा तास गार पाण्यात ठेवायची आणि मग तासभर उतरत्या फळीवर जाड्या मिठात, म्हणजे खायला मनाई असलेले रक्त निथळते. दळलेले मीठ विरघळून आत जाते, त्याचा उपयोग नाही.

जोकबेदबाई सत्तरीच्या आहेत. शाळेत शिवण शिकवायच्या. मासळी बाजारातल्या कोळणी त्यांच्यासाठी कोलंबीची डोकी आणि साले बाजूला काढून ठेवतात. कोलंबी त्यांच्या स्वयंपाकघरात येत नाही. पाण्यातले ज्याला खवले आणि पर नाहीत, ते काहीच येत नाही. कोंबड्यांना हा नियम लागू नाही. साले वाळवून, कुटून कोंड्यात मिसळली की अंड्याचा बलक केशरी होतो. "मला मनाई आहे, माझ्या कोंबड्यांना नाही," असे जोकबेदबाई बाजारात सांगतात आणि कोळणी दर वेळी हसतात.

सव्वासहाला इसाजी वर आले. हातात लाकडी पेटी, पेटीत सुरी. ही सुरी लांब, टोक नसलेली, पट्टीसारखी सरळ असते. त्यांनी ती उजेडाकडे धरली नाही. डाव्या अंगठ्याच्या नखावरून धार हलके ओढली, मग उलट बाजूने, मग पुन्हा.

"चहा घेतलात?" जोकबेदबाईंनी विचारले.

"नंतर. चहा घेतला की जास्त हलतो."

"मग रोजच नका घेऊ. साखर तरी वाचेल."

"तू कोंबडा धर."

नियम असा आहे. धारेला नखाला जाणवेल एवढीही खाच असता कामा नये. म्हणून सुरी कापण्याआधी तपासतात आणि कापल्यानंतरही. नंतर खाच सापडली तर ती आधी पडली की शेवटी हाडाला लागून पडली, हे कोणालाच सांगता येत नाही. मग तो पक्षी खाता येत नाही. अनेक पक्षी असतील तर प्रत्येकानंतर सुरी नखावरून फिरवायची, म्हणजे गेला तर एकच जातो. इसाजींनी आयुष्यभर हे असेच केले होते. एकदा तीन कोंबड्यांसाठी त्यांनी इतका वेळ लावला होता की वाट पाहणारे गिऱ्हाईक बसल्याबसल्या झोपले.

जोकबेदबाईंनी ताटात ड्रममधली माती पसरली. पहिला कोंबडा धरला, मान मागे ताणली. इसाजींनी प्रार्थना पुटपुटली. हात गळ्याजवळ येईपर्यंत हलत होता. धार टेकली तसा थांबला. एकदा पुढे, एकदा मागे. रक्त मातीत पडले.

इसाजींनी सुरी फडक्याने पुसली आणि नखावरून न फिरवताच ते म्हणाले, "दे दुसरा."

जोकबेदबाईंनी त्यांच्याकडे पाहिले.

"दे म्हटलं ना."

दुसरा झाला. तिसरा, चौथा, पाचवा. सुरी दर वेळी पुसली गेली, तपासली गेली नाही. हात शेवटपर्यंत स्थिर होता. इतका स्थिर तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. पाचव्या कोंबड्याची तडफड थांबल्यावर इसाजींनी नियमाप्रमाणे रक्त झाकायला ताटावर मूठभर माती टाकली, सुरी पुसली आणि आता नखावरून ओढली. धार अर्ध्यावर आली आणि ते थांबले. पुन्हा ओढली. उलटी केली, पुन्हा ओढली.

"काय झालं?"

"लागतंय."

"कुठे?"

"मुठीपासून चार बोटांवर."

जोकबेदबाईंनी हात पुसून सुरी घेतली, आपल्या नखावरून फिरवली. "मला तर काहीच लागत नाही."

"तुझी नखं मातीनं गेलीत."

"चष्मा आणू का तुमचा?"

"डोळ्यांचं काम नाही हे."

"कुठल्या कोंबड्याला लागली असेल?"

"ते कसं सांगू? पहिल्याचं हाड लागलं असेल. पाचव्याचं असेल."

"मग मध्ये बघितलं का नाही? दर वेळी बघता. लोकांचा जीव जातो, तरी बघता."

इसाजी टाकीच्या कट्ट्यावर बसले. हात आता पुन्हा हलू लागला होता, नेहमीपेक्षा जास्त. "थांबलो असतो तर हात सुटला असता," ते म्हणाले. "चालू होता तोवर बरा होता. म्हटलं, चालू आहे तोवर उरकून घ्यावं."

"एक गेला असता. चार राहिले असते."



गच्चीवर दोघांशिवाय कोणी नव्हते. खाच केसाएवढी होती. धार लावायच्या दगडावर दोन-चार हात मारले असते तर ती राहिली नसती आणि चार घरांत ठरल्याप्रमाणे जेवण झाले असते. जोकबेदबाई म्हणाल्या, "दगड खाली मोरीत आहे." 

"माहीत आहे कुठे आहे ते," इसाजी म्हणाले. मग म्हणाले, "शकूला हाक मार."

शकू घरत तळमजल्यावर राहते. आगरी घरातली, माहेर जवळच्या कोन गावचे. भाजी बाजारात पालेभाजी घेऊन बसते. रविवारी जरा उशिरा निघते. गच्चीवर येऊन तिने पोत्यावरची ओळ पाहिली.

"अगो बाय, पाचीच्या पाची? कोनाला पोचवायचेत?"

"तुला घे," जोकबेदबाई म्हणाल्या.

"मला? सनाचे कोंबडे?" शकू एक पाऊल मागे सरकली. "आजारी हायत का काय?"

"आजारी नाहीत गं. सुरीला खाच पडली. आता आम्हाला चालत नाहीत."

शकूने कोंबड्यांकडे पाहिले, सुरीकडे पाहिले, मग इसाजींकडे. "खाच सुरीला परली ना काका? मंग कोंबड्यांचा काय गुना?"

"गुन्हा माझा. तू कोंबडे ने."

"आमाला काय, चालतंय. पन उद्या घट बसतायत ओ. नऊ दिवस घरात अंडा पन नाय. म्हंजे आज रातीच्या आत पाच कोंबडे! आमचा मानूस दोन खाईल, तिसऱ्याला डाक्टर बोलवायला लागंल."

"उरलेले कोनला भावाकडे पाठव."

"पाठवते. सांगते त्याला, जोकबेदमावशीची दिवाली अवंदा लवकर आली." तिने दोन्ही हातांत पाय धरून कोंबडे उचलले, तेवढ्यात तिच्या लक्षात आले. "आनि तुमी उद्या काय रांधनार? बाकीच्या घरांना काय देनार?"

जोकबेदबाई तोवर उभ्या राहिल्या होत्या. "बाजारात खवल्याचं काय मिळेल?"

"उद्या? उद्या कोन मासली आनतंय, निम्मी गिऱ्हाइकं घटाला बसलेली. पन बळीरामच्या तल्यात जिताडे हायत."

बळीराम म्हणजे शकूचा भाऊ. कोनला त्याची बरीचशी जमीन संपादनात गेली, पण घरामागचे तळे राहिले आहे. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्ले आणून तो तळ्यात सोडतो आणि दोन-तीन वर्षे वाढवतो. घरात कार्य असले किंवा कोणाला मान द्यायचा असला तरच त्यातला मासा निघतो.

"खवले असतात ना जिताड्याला?" जोकबेदबाईंनी विचारले. त्यांना माहीत होते. त्यांना ऐकायचे होते.

"रुपायाएवढे. तुमचा दादला काढता काढता दमंल."

"पण तो उद्या पकडेल का? त्याच्याकडेही घट बसणार."

"तो खानार नाय. पकरायला कोन नको म्हनतंय?"

शकूने तिथूनच फोन लावला. पलीकडे बळीराम आधी ओरडला, मग कोंबड्यांचे ऐकून शांत झाला. चार मासे देतो, पण मोठे मागू नका, असे ठरले.

"डोक्यासकट सांग," जोकबेदबाई म्हणाल्या. "नव्या वर्षाच्या ताटात आम्हाला माशाचं डोकं लागतं. कापून ठेवून घेऊ नको म्हणावं."

"ऐकला का रं? डोक्यासकट!" शकू फोनमध्ये म्हणाली आणि मग इकडे, "डोका तर आमी जावयाला पन देत नाय, मावशी. तुमी नशीबवान."

शकू कोंबडे घेऊन जिना उतरली. एरवी सोलणे, पाण्यात ठेवणे, मीठ लावणे, तीनदा धुणे यात जोकबेदबाईंचे अकरा वाजतात. मिठाची फळी रात्रीच घासून उन्हाच्या बाजूला उभी केलेली होती. ती त्यांनी घरात नेऊन पलंगाखाली सरकवली. माशाला रक्ताचा नियम नाही, त्याला मिठात ठेवावे लागत नाही. साडेसात ते नऊ त्यांनी दुधीचा मांडव सोडून पुन्हा बांधला. तो मोडलेला नव्हता.

इसाजी खाली फोन करत होते. कोंबडे नाहीत, जिताडे येतील, हे चारही घरांना कळवायचे काम त्यांनी बायकोवर सोडले नाही. पहिल्या दोन घरांतल्या म्हाताऱ्यांनी फारसे काही विचारले नाही. एकाने तर 'बरं झालं, डॉक्टरांनी मला मासेच सांगितलेत,' असे म्हणून फोन ठेवला. तिसऱ्या घरी कोणी उचलेना, तिथे त्यांनी तीनदा लावला आणि तिसऱ्यांदा उचलल्यावर सगळे पहिल्यापासून सांगितले. चौथे घर एलादचे. इसाजींच्या धाकट्या भावाचा मुलगा, खांदा कॉलनीत राहतो, बेलापूरला एका कंपनीत आहे. सणाचे मोठे जेवण या वर्षी त्याच्याकडे होते.

"नो टेन्शन, काका. मी ठाण्याहून फ्रोझन मागवतो. तिथलं नियमाप्रमाणे कापलेलं, कोशर असतं."

"मागव."

"पण एक विचारू? केवढी होती खाच?"

"केसाएवढी."

"मग तुम्ही सांगितलं नसतं, तर कुणाला कळणार होतं?"

"उद्या मला पण जेवायला बोलावलंयस ना?"

"म्हणजे काय, तुम्ही आणि काकू नाही तर कोण?"

"मग मी तुझ्या शेजारी बसून ताटातलं काय खाल्लं असतं?"

 एलाद म्हणाला, "जिताडाच करू. अनुयाला सांगतो, फ्रोझन कॅन्सल." अनुया त्याची बायको.

"आणि दुसरं. मी थांबलो आता."

"सणानंतर बोलू ना ते, काका. आत्ता कशाला?"

"सणानंतर काय बोलायचं? एप्रिलमध्ये बोललोय." एलादने ठाण्यात धर्मनियमाप्रमाणे कापणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा पनवेलला बोलावता येईल का, ते विचारून पाहिले. इसाजींनी त्या माणसाशी आधीच बोलणे केले होते, जूनमध्ये. बायकोलाही न सांगता. त्याला तिकडचेच काम उरकत नव्हते. तो येणार नव्हता.

फोन संपल्यावर त्यांनी सुरी धुतली, पुसली, धारेला तेलाचे बोट लावले आणि पेटीत ठेवली. पेटी कपाटात गेली. दगडावर सुरी त्यांनी धरली नाही.

दुपारी जेवायला लाल माठ, वरण आणि भात होता. जेवताना दोघांत बोलणे झाले ते टाकीच्या गळक्या नळाबद्दल. चारच्या सुमारास इसाजी पुन्हा गच्चीवर गेले. खुराड्यात एका मोडक्या टोपलीत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. दहा-बारा दिवस ती तिथून हलली नव्हती. जोकबेदबाई तिच्यापुढे पाण्याची वाटी सरकवत होत्या.

"हिला उठव," इसाजी म्हणाले.

"का?"

"निम्मे कोंबडेच निघणार. काय करायचेत? मी कापणार नाही, दुसरं कोणी येणार नाही."

"अंड्यात जीव धरलाय. आता उठवली तर सगळी फेकायची."

"आणि मोठे झाल्यावर?"

"माद्या निघतील त्या तलंगा मी ठेवीन, अंड्यांना होतील. कोंबडे शकू नेईल."

"म्हणजे तू आता शकूसाठी कोंबडे पाळणार."

"आज सकाळपासून तेच करतेय," जोकबेदबाई म्हणाल्या.

इसाजींनी यावर हसू दाबले की खोकले, ते सांगता येत नाही. कोंबडी मात्र तिथेच राहिली. त्या घराचे पुढचे खाणे त्या पाच मिनिटांत ठरले. अंडी आणि भाजी गच्चीवरची, तांदूळ आपट्याचा, मासा बाजारातला, खवले असतील तो. मांस एलाद ठाण्याहून आणील तेव्हा, बर्फातले. जोकबेदबाईंनी बर्फातली कोंबडी एकदा रांधली होती, इलानाच्या लग्नाच्या वेळी, आणि त्यावर त्यांचे मत एका शब्दाचे आहे: "कापूस."

संध्याकाळी तळमजल्यावर तीन कोंबडे शिजले. दोन कोनला गेले होते. मसाल्याचा वास चौथ्या मजल्यापर्यंत आला. शकूची हाक जिन्यातून वर आली, "मावशे, वास तरी चालतो ना तुमाला?" जोकबेदबाईंनी कठड्यावरून वाकून, वासावर अजून कोणी नियम केलेला नाही, असे सांगितले. मग त्यांनी दोन नारळ फोडले आणि उद्याच्या कालवणाचे खोबरे खवून ठेवले.

उद्या सोमवार. बळीराम सकाळी सहाला कोनच्या तळ्यात जाळे टाकणार आहे. चार जिताडे डोक्यासकट साडेआठपर्यंत शकूच्या दारात येतील आणि जोकबेदबाई ते घ्यायला खाली जातील. खवले काढायचे काम इसाजींना दिले आहे. ते चमच्याच्या कडेने होते, सुरी लागत नाही.